माझी मान आणि शोभाची सम

आमच्या अख्ख्या खानदानात शास्त्रीय संगीत कळणारा एकच माणूस आहे आणि तो म्हणजे मी. ही गोष्ट बरीच वर्षं कोणाच्या लक्षातच येईना, म्हणून शेवटी मीच ती सगळ्यांना सांगितली.

माझी तालीम फार कडक झालेली आहे. सलग सहा वर्षं, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी साडेपाच ते सात मी गाण्याच्या क्लासला बसलोय. (म्हणजे क्लासच्या बाहेर. स्कूटरवर.) आत माझी बायको शोभा शिकायची आणि बाहेर मी फुटाणे खात तिची वाट बघायचो. पण खिडकी उघडी असायची! आलाप, मुखडा, सम, तिहाई, खर्ज असे शब्द फुटाण्यांबरोबर आपसूक पोटात जायचे. आतली मुलं परीक्षा देत आणि कधीकधी नापासही होत. मला परीक्षाच नव्हती, त्यामुळे मी एकदाही नापास झालो नाही.

शोभाचं वेगळं आहे. तिला खरोखर गाता येतं, त्यामुळे ती त्याबद्दल फारशी बोलत नाही. लग्नाआधी आठ वर्षं शिकली होती. लग्नानंतर तानपुरा माळ्यावर गेला. मग माझ्या बदल्या, मुलीची शाळा, आईचं आजारपण. मी तिला ‘गाऊ नकोस’ असं कधीच म्हटलं नाही. ‘गा’ असंही कधी म्हटलं नाही, हे तिने एकदा दुधी किसता किसता माझ्या लक्षात आणून दिलं. त्रेचाळिसाव्या वर्षी तिने स्वतःच स्टूल लावून तो तानपुरा खाली काढला, धूळ पुसली आणि थेट बाईंकडे जाऊन उभी राहिली. मी स्टूल धरलं होतं. माझ्या संगीतसेवेची सुरुवात तिथून धरायला हरकत नाही.

बाई म्हणजे तिच्या गाण्याच्या बाई. पंचाहत्तरीच्या. पांढरा अंबाडा, पांढरी साडी आणि समोरच्याचा सूर जरा इकडेतिकडे झाला की चष्म्यावरून असं बघणं, की स्कूटरवर बाहेर बसलेल्या माणसाचाही फुटाणा घशात अडकावा. गेल्या हिवाळ्यात बाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. वीस चिमुरड्यांपुढे उठबस होईना. तेव्हा त्या शोभाला म्हणाल्या, “छोट्यांचा क्लास तुला द्यावा असं मनात आहे. पण आधी चार माणसांत बसून गा. रविवारी सकाळी दहाला, पाऊण तास. राग तोडी गा. नीट गायलीस तर क्लास तुझा. नाहीतर मी तो बंद करते.”

शोभा घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. मी अवाक्षर न काढता दोन वाट्या प्यायलो, यावरून मला प्रसंगाचं गांभीर्य कळलं होतं हे लक्षात यावं.

“माणसं कोण येणार गो ऐकायला?” मी विचारलं.

“तोच प्रश्न आहे. बाई म्हणतात, रिकाम्या खुर्च्यांपुढे गाणं ही परीक्षा नव्हे.”

आता रविवारी सकाळी दहा वाजता रत्नागिरीचा माणूस काय करतो? तो बाजारातून मासळीची पिशवी घेऊन नुकताच घरी आलेला असतो आणि सुरमईचे तुकडे जाड झाले की पातळ यावर घरात चर्चा चालू असते. त्याला तिथून उठवून तोडी ऐकायला आणणं देवालाही जमायचं नाही. पण मी देवावर अवलंबून नव्हतो. मी देवरूखला फोन लावला.

देवरूखच्या पुढच्या एका गावात माझा मोठा भाऊ असतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. शेती करतो आणि गावातल्या भजनी मंडळात गेली चाळीस वर्षं पखवाज वाजवतो. बोलतो कमी. जे काही बोलायचं ते पखवाजावर बोलून संपत असावं. त्याच्या वाट्याचं बोलणं आमच्या वहिनी करतात आणि दोघांच्या मिळून राहिलेलं आमची आत्या करते. मी फोनवर म्हटलं, “शोभाचं गाणं आहे, सगळे या.” शनिवारी दुपारी दोन गाड्यांतून अकरा माणसं, पावट्याच्या शेंगांचं पोतं आणि कुळथाचं पीठ घेऊन दारात हजर! शोभाचे डोळे भरून आले.

तिने मला स्वयंपाकघरात ओढलं. “हे बघा, मी आता तबल्याबरोबर शेवटची तालीम करायला चाललेय. यांना फक्त एवढंच सांगा, मोबाईल बंद ठेवायचे आणि शांत बसायचं. बाकी काही समजावू नका.”

“काही म्हणजे काहीच नाही?”

“काहीच नाही!”

ती गेली. मी पडवीत आलो. अकरा जणं चहा पीत बसली होती. इतक्या निरागस, इतक्या कोऱ्या पाट्या एकत्र बघून माझ्यातला गुरुजी जागा झाला. शांत काय, कोणीही बसतं. खांबसुद्धा शांत बसतो. माझ्या घरची माणसं बाईंच्या समोर खांबासारखी बसलेली मला चालणार नव्हती.

“तर मंडळी,” मी म्हणालो, “उद्या तुम्ही ऐकणार आहात बडा ख्याल.”

“ऐकू की,” वहिनी म्हणाल्या. “चहात साखर हवी का रे अजून कोणाला?”

“वहिनी, आधी आलाप समजून घ्या. आलाप म्हणजे काय? तुम्ही कोणाकडे मुलीसाठी स्थळ विचारायला जाता. तेव्हा उंबऱ्यातच विचारता का, ‘मुलगा देणार का?’ नाही! आधी पाऊस कसा झाला, आंब्याला मोहोर कसा आहे, म्हैस व्यायली का, अशी चौकशी करत करत आत शिरता. गाण्यात त्याला आलाप म्हणतात.”

“मग शोभा म्हशीवर गाणार काय?” आत्याने विचारलं.

“आत्या, हे उदाहरण होतं.”

“होय रे, पण स्पष्ट सांग ना तसं.”

मी विलंबित समजावलं. विलंबित म्हणजे फार सावकाश. ताल बारा मात्रांचा एकताल, पण एक फेरा, म्हणजे आवर्तन, पुरा व्हायला जवळजवळ मिनिट लागतं. तेवढ्यात गाणारा सगळीकडे हिंडून येतो आणि शेवटी ओळीचा पहिला तुकडा, म्हणजे मुखडा, पकडून बरोब्बर पहिल्या मात्रेवर येऊन उतरतो. ती पहिली मात्रा म्हणजे सम. सम आली की जाणकार माणूस मान हलवतो आणि म्हणतो, ‘वा!’

कोपऱ्यातून दादा म्हणाला, “सम आम्हाला पण असते रे.”

“दादा, तुमची ती भजनातली सम. ही शास्त्रीय.”

दादाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि चहा संपवला. (ती नजर मला तेव्हा आदराची वाटली होती.)

मग तिहाई. “आपल्याकडे पाहुणा निघताना कसा निघतो? ओट्यावर एकदा म्हणतो, ‘येतो हां.’ पायरीवर दुसऱ्यांदा म्हणतो, ‘येतो हां.’ आणि कुंपणाच्या बेड्यापाशी तिसऱ्यांदा ‘येतो’ म्हणून खराच जातो. एकच गोष्ट तीनदा आणि तिसऱ्याला शेवट! ही तिहाई. तिहाई झाली की टाळ्या.” हे सगळ्यांना फार पटलं. वहिनींच्या माहेरचा एक पाहुणा सात वेळा ‘येतो’ म्हणून जेवून गेला होता, त्यावर अर्धा तास गेला. नंतर खर्ज घेतला. खर्ज म्हणजे अगदी खालचा, पोटातून येणारा, घरघरता आवाज. मी तो काढूनही दाखवला. शेजारचा कुत्रा उठून गेला.

इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं. तेवढ्यात वहिनींनी तो प्रश्न विचारला.

“पण भावोजी, मिनिटातून एकदाच येते म्हणता ती सम. आली हे आम्हाला कळायचं कसं?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. आणि आता इथे मला एक कबुली द्यायला हवी, जी मी तोपर्यंत स्कूटरलाही दिली नव्हती. सम कधी येते हे मलाही कळत नाही! मैफलीत मी बाईंवर लक्ष ठेवून असतो. बाई पुढच्या रांगेत बसतात. त्यांची मान हलली की माझी हलते. अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो, पण तो भावनावेगाने पडला असावा असं लोकांना वाटतं. सहा वर्षं हा माझा रियाज निर्धोक चालला होता.

“सोपं आहे,” मी म्हणालो. “तुम्ही तबल्याकडे बघू नका, गाणाऱ्याकडे बघू नका. माझ्याकडे बघा. माझी मान हलली की म्हणायचं, ‘वा!’”

“सगळ्यांनी?”

“सगळ्यांनी. एकदम. दबकत नाही, खणखणीत.”

मग आम्ही सराव केला. मी मान हलवायचो, अकरा जणं म्हणायची ‘वा!’ मी तीनदा हलवायचो, टाळ्या! तासाभरात अशी शिस्त आली की शेवटी मी मानेवरची माशी हाकलली तरी पडवी ‘वा’ म्हणून दणाणली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. शोभा परत आल्यावर तिने विचारलं, “सांगितलंत ना नीट?” मी म्हटलं, “तू निर्धास्त राहा.” आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आहेत. मी हे वाक्य म्हटलं की काळजी करायची, हे तिला एव्हाना कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी वहिनींनी घावणे केले. वहिनींच्या हातचे घावणे, जाळीदार, सोबत नारळाचा रस! मी सहा खाल्ले. मग ‘मैफल लांबली तर’ म्हणून आणखी दोन. शोभाने अर्धा कप गरम पाणी घेतलं. निघताना ती फक्त एवढंच म्हणाली, “सम सुटली तर मी संपले हो. बाकी सगळं बाई माफ करतील, सम नाही करायच्या.” मी तिच्या पाठीवर हात ठेवला. सम या विषयावर आमच्या घरी किती जोरदार तयारी झालेली आहे, हे तिला सरप्राइज म्हणून राखून ठेवलं होतं.

हॉल छोटासाच होता. माझी अकरा माणसं मी दुसऱ्या रांगेत ओळीने बसवली आणि पहिल्या रांगेत, सगळ्यांना मान दिसेल असा, मधोमध मी. एका कडेला, स्टेज आणि पहिली रांग दोन्ही दिसतील असा, स्टँडवर मोबाईल लावून रेकॉर्डिंग चालू केलं. (ही दूरदृष्टी मला पुढे फार महागात पडली.) क्लासचे आणि आजूबाजूचे मिळून आणखी तीसेक लोक आले. शास्त्रीय गाण्याला येणाऱ्यांत अर्धे लोक कळतं म्हणून येतात आणि उरलेले कळत नाही हे कळू नये म्हणून. हे उरलेले फार सावध असतात. आसपास कोणी ‘वा’ म्हटलं की त्यांना मागे राहून चालत नाही.

शोभा स्टेजवर बसली. निळी साडी नेसली होती. तबल्याला सावंत मास्तर. मी सवयीने शेजारी बघितलं. बाईंची खुर्ची रिकामी! वळून पाहतो तर बाई अगदी शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसलेल्या. “आवाज मागपर्यंत कसा पोचतो ते बघायचंय,” म्हणाल्या.

माझ्या पोटातले आठ घावणे जागच्या जागी गोठले.

आता काय करणार? मागे वळून वळून बाईंची मान बघावी, तर मागच्या अकरा जणांचे बावीस डोळे माझ्या मानेवर खिळलेले. वळणं हेसुद्धा हलणंच! मी ठरवलं, मान ताठ ठेवायची. एखादी सम अंदाजाने घ्यायची आणि सुटायचं. शोभाने षड्ज लावला. तानपुरा घुमू लागला. हॉलमध्ये पंखे मंद फिरत होते. ती इतकं सावकाश, इतकं हळुवार गात होती, की माझ्या मनातली सगळी काळजी विरघळली. खरं तर तिथे मला सावध व्हायला हवं होतं. आठ घावणे, नारळाचा रस, विलंबित एकताल आणि पंखा!

यापुढचं मला ठाऊक नाही. जे सांगतोय ते रेकॉर्डिंगमध्ये बघितलेलं आणि वहिनींनी घोळवून घोळवून सांगितलेलं.

रेकॉर्डिंगच्या चौथ्या मिनिटाला माझी मान पुढे पडते.

“वा!!!” दादा सोडून दहा आवाज. एकदम. खणखणीत.

मास्तरांनी दचकून स्वतःच्या हाताकडे बघितलं. मात्रा होती पाचवी! शोभाने भुवई उंचावली, पण आलाप चालू ठेवला. माझी मान झटक्याने वर आली आणि पुन्हा पडली. “वा!!!” ही आठवी. आता सावध मंडळी जागी झाली. पुढच्या माझ्या डुलकीला हॉलमधून चाळीस माणसांची दाद गेली! एक गृहस्थ तर, “क्या बात है, काय जागा घेतली!” म्हणून मांडीवर थाप मारून बसले. त्या क्षणी शोभा श्वास घेत होती.

गाणारीचं काय होत असेल? ती बारा मात्रा मनात धरून चालली आहे आणि समोरचा अख्खा हॉल पाचव्या, आठव्या, नवव्या मात्रेला सम आल्याची ग्वाही देतोय! तिला वाटलं, आपलंच चुकतंय. रेकॉर्डिंगमध्ये तिचा चेहरा दिसतो. मी तो पुन्हा बघत नाही. तिने घाईने मुखडा उचलला, दोन मात्रा आधीच. मास्तर भला माणूस, सांभाळून घ्यायला त्यांनी ठेका जरा रेटला. तोवर ती थांबली. मग ते थांबले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि तानपुरा एकटा वाजत राहिला. शेवटच्या रांगेत बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. बाईंनी चष्मा पुसायला घेतला की विद्यार्थी आपापली वही बंद करतात, असं क्लासमध्ये म्हणतात.

नेमक्या त्याच वेळी माझ्या मानेला लागोपाठ तीन झटके बसले.

“तिहाई!” आत्या ओरडली आणि दहा जणांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मग मी घोरायला लागलो. वहिनी सांगतात, रांगेत थोडा गोंधळ उडाला. आत्याने त्यांना कोपराने ढोसलं. “काय गो, हा घोरतोय काय?”

“छे, घोरेल कसा? बायकोचं गाणं चालू आहे. खर्ज लावलान असेल. काल दाखवलान ना, अस्साच.”

“मग आता वा म्हणायचं की टाळ्या?”

“मान हलवली नाहीन ना अजून. थांबा जरा.”

इथे दादा उठला. आयुष्यात कधी चारचौघांत पुढे न आलेला माणूस. रांगेतून बाहेर आला आणि आपल्या माणसांना एवढंच म्हणाला, “त्याच्या मानेवर जाऊ नका. तो झोपलाय.” मग सरळ पुढे जाऊन स्टेजसमोर सतरंजीवर मांडी घालून बसला. शोभाच्या डोळ्यांसमोर. मास्तरांकडे बघून त्याने मान डोलावली. मास्तरांनी ठेका पहिल्यापासून धरला. दादा गुडघ्यावर हाताने ताल मोजू लागला. नांगर धरून रापलेला तो हात, बोटं एकेक करून मिटत होती. कुठे घाई नाही. दहा. अकरा. शोभा त्या हाताकडे बघत होती. तिने मुखडा उचलला. बारा. दादाचा तळवा गुडघ्यावर आला, मास्तरांचा ‘धिं’ पडला आणि शोभाचा सूर बरोब्बर त्याच्यावर उतरला.

“वा,” दादा म्हणाला. एकटाच. हळूच.

शेवटच्या रांगेत बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला, असं मोबाईल दाखवत नाही, पण वहिनींनी वळून बघितलं होतं.

त्यानंतर अर्धा तास शोभा गायली. हे मी आता कानाला हेडफोन लावून, जागेपणी, सातेक वेळा ऐकलंय. शंभर वेळा ऐकावं असं आहे. सत्तावीस वर्षं माझ्या घरात ही बाई डबे भरत होती आणि तिच्या गळ्यात हे होतं, हे मला माहीतच नव्हतं. फार वाईट वाटलं. ती गात होती, बाहेरचे तीसेक लोक ऐकत होते, आत्यासुद्धा गप्प बसून ऐकत होती आणि तिचा हक्काचा नवरा पहिल्या रांगेत खर्ज लावून बसला होता.

मी जागा झालो तो टाळ्यांच्या आवाजाने. तराणा संपला होता. मला अर्थातच वाटलं, डोळे मिटून मी सगळं ऐकलंय. मी उठून, हात उंचावून, मनापासून ओरडलो, “वा! क्या बात है!” तोवर टाळ्या थांबल्या होत्या. भर शांततेत माझा एकट्याचा आवाज घुमला. मग लोक भेटायला आले. “शोभाताई काय गायल्या हो!” मी नम्रपणे मान लववली. (मानेला आता सवयच झाली होती.) एका सावध गृहस्थांना तर मी तराण्यातले बोल कसे निरर्थक असतात पण त्यात केवढा अर्थ असतो, हेही समजावून सांगितलं. ते घाईने निघून गेले. मागून आत्या म्हणाली, “बापू, तू झोपला होतास, हे माहीत आहे ना तुला?”

मला माहीत नव्हतं.

घरी जाताना गाडीत मी शोभाच्या शेजारी बसलो. शोभा खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हटलं, “छान झालं गं.” ती म्हणाली, “कुठली जागा आवडली?” मी पावट्याच्या शेंगांचा विषय काढला.

जेवताना दादाने पहिल्यांदा तोंड उघडलं. “बारा मात्रा. आमच्या चौतालाच्याच. जरा जास्त फुरसतीत, एवढंच.” मग कढी ओरपून म्हणाला, “बापू, सम सगळीकडे सारखीच असते रे.” वहिनींनी मला आग्रह करून आणखी भात वाढला आणि वर म्हणाल्या, “खा भावोजी, झोप चांगली लागते.”

दोन दिवस शोभा माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी बाईंचा निरोप आला, दोघांनीही या. सहा वर्षांत मी पहिल्यांदा त्या खोलीच्या आत पाय ठेवला. बाई शोभाला म्हणाल्या, “सम हुकणं हा गुन्हा नव्हे. हुकल्यावर पुन्हा सापडवणं हे गाणं. ते तुला येतं. छोट्यांचा क्लास सोमवारपासून तुझा.” शोभा वाकून नमस्कार करायला गेली आणि तिथेच ढसाढसा रडली. मलाही भरून आलं. मग बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “आणि तुम्ही. बाहेर स्कूटरवर बसून फार दिवस फुकट ऐकलंत. आता आत बसा. छोट्यांबरोबर.”

मला वाटलं, थट्टा करतायत. बाई थट्टा करत नाहीत.

तर गेले चार महिने सोमवार-गुरुवार मी सतरंजीवर, दोन पहिलीतल्या मुलींच्या मधे बसतो. हाताने तीनताल धरतो. सोळा मात्रा. माझ्या बाजूची मुलगी मला मधूनमधून कानात सांगते, “काका, अजून सम यायचीय, हात खाली ठेवा.” शोभा क्लासमध्ये मला ‘अहो’ म्हणत नाही. ‘मागचे काका’ म्हणते. नियम एकच आहे, मानेची हालचाल करायची नाही. घावणे खाऊन यायचं नाही हा दुसरा, पण तो फक्त माझ्यासाठी आहे.

परवा मात्र कमाल झाली. शोभा पेटीवर एक ओळ फिरवून फिरवून शिकवत होती, मुलं टाळी देत होती, आणि अचानक, कोणाचीही मान न बघता, अगदी आतून मला सम कळली! सहा वर्षं स्कूटरवर आणि चार महिने सतरंजीवर बसल्यावर ती माझी मला सापडली होती. इतका आनंद झाला की राहवलं नाही. मान हलवून मी मोठ्याने म्हणालो, “वा!”

वर्ग थांबला. शोभाने पेटीवरचा हात उचलला. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडे बघून मनापासून हसली.

“काका, सम अगदी बरोबर ओळखलीत हो,” ती म्हणाली. “फक्त ती मागच्या आवर्तनात येऊन गेली.”